तांदळाच्या डब्यातली मूठ

आज आधी एक खाजगी प्रश्न विचारते, रागावू नका हं. भाताला तांदूळ काढताना चार कच्चे दाणे तोंडात टाकायची सवय तुम्हांला आहे का?

मला होती. आणि चार दाणे कसले, चांगली मूठभर! दुपारी शाळेतून घरी आलं की पर्स खुंटीला लावायच्या आधी हात तांदळाच्या डब्यात जायचा. दोन मुठी संपल्या तरी समाधान नाही. मुलगी म्हणायची, "आई, तुझं कुरुमकुरुम सुरू झालं वाटतं!" हे म्हणायचे, "बरं आहे, गॅस वाचतो." मीही हसायची आणि पाठ वळली की पुन्हा डबा उघडायची. शेवटी शेवटी तर लपून खायला लागले.

त्याच सुमाराला आणखी एक प्रकार सुरू झाला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचले की मला धाप लागायची. कुणी वरून येताना दिसलं तर लाज वाटायची, म्हणून मी पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचं नाटक करायची. किल्ली मुठीतच असायची! वर्गात फळ्यावर लिहिण्याऐवजी खुर्चीत बसून लेखनिक सांगायला लागले. मुलांनी साधा प्रश्न विचारला तरी अंगावर ओरडायची. म्हटलं, तिशी केव्हाच उलटली, पेपर तपासणी चालू आहे, उन्हाळा आहे, पाहुणे येऊन गेलेत. थकव्याला कारणं आपल्याकडे काय कमी असतात?

आता यातली गंमत ऐका. शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा लोहाच्या निळ्या गोळ्या देतात, त्या वाटायचं काम माझ्याकडे होतं. "रिकाम्या पोटी घेऊ नका ग, डबा खाल्ल्यावर घ्या," असं बजावत मी वर्गभर फिरायची. एक दिवस तपासणीला सिस्टरबाई आल्या होत्या. सातवीतली एक चुणचुणीत मुलगी त्यांना म्हणाली, "सिस्टर, मला खडू खावासा वाटतो." सगळा वर्ग हसला. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही सारखं खावंसं वाटत असेल, तर अंगात लोह कमी असू शकतं. उद्या आईला घेऊन ये."

मी गोळ्यांचं पाकीट हातात धरून तिथेच उभी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्याच आठवड्यात रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन निघालं ८.४. बाईचं निदान १२ असावं, गरोदरपणी ११ च्या खाली जाऊ नये. हे आकडे मी विज्ञानाच्या बदली तासाला फळ्यावर लिहून दिले होते!

डॉक्टरबाईंनी औषध लिहिण्याआधी बरंच काही विचारलं. पाळीला रक्तस्राव फार होतो का, किती दिवस जातो, जंताचं औषध कधी घेतलंय. मग विचारलं, "जेवता कधी? आणि चहा कधी घेता?"

"जेवण सगळ्यांचं झालं की. आणि हात धुतला की लगेच चहा, नाहीतर शाळेत डोळे मिटतात."

"सगळ्यांचं झालं की उरतं काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता येईना. मैत्रिणींनो, तुम्ही तरी देऊन पहा. कालच्या जेवणाचंच आठवा. माझ्याकडे उसळ मुलांना आवडते म्हणून ती संपलेली असते. पालेभाजीचा शेवटचा घास ह्यांच्या ताटात जातो. कोशिंबिरीच्या भांड्यात फक्त पाणी राहतं. मग मी आमटीच्या तळातलं पाणी भातावर ओतून घेते आणि वर लोणच्याचा खार. माझं पोट भरत होतं, उपाशी मी एकही दिवस नव्हते. कुणी मला कमी वाढत होतं असंही नाही. वाढणारी मीच होते! "आधी पोटोबा मग विठोबा" ही म्हण घरातल्या सगळ्यांना लागू, वाढणारीला तेवढी नाही.

आता थोडं विज्ञान. मी बी. ए. झालेली बाई, तेव्हा मला समजलं तेवढंच सोपं करून सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी फुप्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवतात. हे काम करणारं हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. एक तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर टाकून देत नाही, जुन्या साडीची गोधडी शिवावी तसं पुन्हा वापरतं. पण जे रक्त शरीराबाहेर जातं त्यातलं लोह कायमचंच गेलं. दर महिन्याला ते जातं बाईचं. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या हिशेबात पुरुषाला रोजच्या आहारातून १९ मिलिग्रॅम लोह हवं असं म्हटलंय आणि बाईला २९. म्हणजे जवळजवळ दीडपट. ज्या ताटात जास्त हवं, त्याच ताटात आपण तळातलं पाणी वाढून घेतो. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या १०० भारतीय बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय निघाला आणि पुरुषांत २५ जणांना, यात नवल ते काय?

चहाचं काय, तेही सांगते. चहातली तुरट द्रव्यं धान्य-भाजीतलं लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. कॉफीचंही तेच. उलट आंबट फळातलं क जीवनसत्त्व त्या लोहाला आत शिरायला मदत करतं. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायची आपली रीत आहे ना, ती नुसती चवीची नाही. मोड आणल्याने कडधान्यातला लोह अडवणारा अंश कमी होतो आणि लिंबू पुढचं काम करतं. मात्र लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळीत पिळलंत तर त्यातलं बरंच जीवनसत्त्व उडून जाईल. लिंबू महाग असेल तेव्हा पेरूच्या दोन फोडी किंवा आवळा चालेल.

सासूबाईंची लोखंडी कढई मी माळ्यावरून खाली काढली. न चिकटणाऱ्या नव्या भांड्यांच्या नादात तिला मीच वर चढवलं होतं. लोखंडी कढईत शिजवलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं, आंबट आणि रसदार पदार्थात जास्त. पण शिजलं की भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर ती काळी पडते आणि चव उतरते. कढई धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवायचा. बाळंतिणीला हळिवाचे लाडू देतात, तेही उगीच नाही. हळिवात लोह भरपूर आहे. ते फक्त बाळंतिणीनेच खावेत असा काही कायदा नाही.

पण एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. ८.४ वरून १२ वर नुसत्या लाडवांनी जाता येत नाही. इतकी तूट गोळ्यांनीच भरावी लागते, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. थॅलसेमियाचा अंश असलेल्यांचंही हिमोग्लोबिन कमी दिसतं, काही जणींत, विशेषतः शाकाहारी मंडळींत, ब-१२ कमी असतं, कुणाला पाळीचा त्रास असतो आणि मूळ दुखणं तिथे असतं. शेजारणीच्या गोळ्या उसन्या घ्यायला ते काही विरजण नव्हे!

माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर लोहाच्या जोडीला "फॉलिक अॅसिड" असं लिहिलेलं होतं. शिक्षिकेची खोड, शब्द दिसला की मूळ शोधायचं. सापडली ती गोष्ट निघाली आपल्या मुंबईचीच. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणी रक्तक्षयाने फार आजारी पडत, दगावतही. त्याचं कारण तिला शोधायचं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केलं. ही नेहमीची लोहाची तूट नव्हती. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी उलट मोठ्या झालेल्या होत्या. ल्यूसीबाईंनी जंतूंचा माग तर काढलाच, पण या बायका खातात काय, तेही पाहिलं. ताटात भाजी, फळ जवळजवळ नाहीच. शेवटी यीस्टचा अर्क, तोच तो मार्माइट नावाने पावाला लावतात तो, दिल्यावर या बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते तेव्हा कळलं नव्हतं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं, आणि लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात म्हणून त्याला फॉलिक अॅसिड नाव मिळालं. पुढे कळलं की यीस्टमधलं औषध ते हेच! आज गरोदर बाईला जी गोळी देतात तिच्यातला अर्धा इतिहास गिरणगावातल्या त्या बायकांचा आहे. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

तेव्हा पालेभाजी चिरण्याआधी धुवा, चिरल्यावर नव्हे. ती थोडक्या पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ शिजवा, आणि शिजवलेलं पाणी मोरीत ओतू नका, आमटीत घाला.

ही गोष्ट वाचली त्या दुपारी आमच्या भांडीवाल्या मावशी आल्या. नेहमीप्रमाणे मी त्यांच्यापुढे चहा आणि सकाळची पोळी ठेवली. कित्येक वर्षं ठेवतेय, आणि खरं सांगायचं तर आपण कुणाला तरी खायला घालतो याचं मला मनातून समाधानही होतं. त्या दिवशी मात्र मावशी पोळी चहात बुडवून खाताना पाहिल्या आणि मला कसंसंच झालं. तीन घरची धुणीभांडी, आणि प्रत्येक घरी चहा-पोळी. त्यांच्या नखांकडे आणि पांढुरक्या ओठांकडे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं.

"मावशी, रक्त तपासून या."

"मला काय धाड भरलीय? माझं रक्त काढून घेतील आन् मग कामं कोण करील?"

आठ दिवस घातले तेव्हा कुठे सरकारी दवाखान्यात गेल्या. निघालं ७.१. गोळ्या मिळाल्या. पाच-सहा दिवसांनी बघते तर मावशींनी त्या बंद केलेल्या! विचारलं तर आधी सांगेचनात. मग हळूच म्हणाल्या, "परसाकडे काळं होतंय, बाई. आतून काहीतरी सडलं असंल." लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. किती जणी अशा भीतीनेच गोळ्या सोडत असतील! तेव्हा तुमच्या घरी कुणी गोळ्या घेत असेल तर हे आधी सांगा. आणखी एक, गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही. आकडा १२ वर आला तरी लगेच थांबायचं नाही, अंगातला साठा भरायला पुढे आणखी काही महिने, साधारण तीन, डॉक्टर सांगतील तोवर घ्यायची.

माझं म्हणाल तर तांदळाची ओढ तीन आठवड्यांतच गेली. एक दिवस डबा उघडला, तांदूळ काढले, बंद केला, आणि मगच ध्यानात आलं की तोंडात एकही दाणा नाही. दोन महिन्यांनी १०.९, चार महिन्यांनी १२.१. आता किल्ली जिन्यात शोधावी लागत नाही.

ताटाचं मात्र गोळीइतकं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांबरोबर बसले तेव्हा सारखी उठत होते, पोळी आण, पाणी आण. तिसऱ्या दिवशी मुलगीच म्हणाली, "आई, तू बस, मी आणते." ह्यांना आमटी स्वतः वाढून घेता येते हा शोध लग्नानंतर चौदा वर्षांनी लागला. आता उसळीची पाच वाट्यांत आधी वाटणी होते. घरी माणसं चार, आणि पाचवी वाटी मावशींची. चहा त्यांना अजून लागतोच, पण तो भांडी झाल्यावर, जाताना. मावशी अधूनमधून गोळी विसरतात. मग मी विचारते आणि त्या चिडतात. चिडू देत.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात दोनच कामं करा. एक, स्वतःचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडा वाणसामानाच्या यादीमागे लिहून ठेवा. घरातल्या वयात आलेल्या मुलीचा आकडाही त्याच्या शेजारी लिहा. दोन, एक दिवस सगळ्यांबरोबर जेवायला बसा आणि उसळीची वाटी आधी स्वतःच्या पानात ठेवून पहा. जड जाईल. मला गेलं होतं.