रिपोर्ट यायचाय

मॅमोग्राफीच्या कागदावर शेवटी ‘बायरॅड्स ४बी’ असं छापलेलं होतं. म्हणजे गाठ संशयास्पद, कॅन्सर असण्याची शक्यता १० ते ५० टक्के. नुसत्या ४ चा पल्ला तर २ पासून ९५ पर्यंत असतो, तेव्हा मी त्यातल्या त्यात नशीबवान. दहा म्हटलं की डोळा लागायचा, पन्नास आठवले की उठून बसायचं. बायोप्सीची सुई टोचून झाली आणि ‘रिपोर्ट आठवड्याभरात’ असं सांगून मला घरी पाठवलं.

या आठवड्यातलं माणूस धड आजारीही नसतं आणि बरंही नसतं. रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं? डबा पोचवणाऱ्या शेजारणी, गावाहून धावत येणारे मामा, हे सगळं आजार ठरल्यानंतरचं. तोवर ‘तपासण्या चालू आहेत’ एवढंच बोलायचं. हात मात्र पुन्हा पुन्हा गाठीकडे जातो. पाठ दुखली तरी ‘तिकडेही पसरलं की काय’ असं वाटतं, आणि त्याच पाठीने बादल्या उचलायच्या असतात.

ज्यांना सांगितलं, त्यांचे दोन पक्ष पडले. एक ‘काही नसतं गं, माझ्या जावेची साधीच निघाली’वाला. यात तथ्य आहे. बायोप्सी केलेल्या बऱ्याच गाठी साध्याच निघतात. पण ज्या घाईने ते म्हटलं जातं, त्यावरून कळतं की आता हा विषय पुरे. दुसरा पक्ष ‘हल्ली कॅन्सर बरा होतो’वाला. त्यांच्या लेखी निकाल लागलेलाच होता! आत्याने देवीची ओटी बोलली, तिचा मला राग आला नाही. निदान ती काहीतरी करत होती.

दिवस मसाल्याचे होते. कांडपवाल्या बाईंनी वही उघडून विचारलं, “नेहमीएवढाच ना?” बेडगी किती, संकेश्वरी किती, मला पाठ आहे. पण वर्षभराचा मसाला सांगायचा म्हणजे पुढचं वर्ष गृहीत धरायचं. मी दोन किलो म्हणाले, मग तीन म्हणाले. डोळ्यांतलं पाणी मिरचीच्या खात्यावर गेलं.

खरा धीर मिळाला तो एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीच्या फोनवर. तिने समजूत काढली नाही, माझ्या तुकड्याचं सध्या काय चाललं असेल ते सांगितलं. आधी तो फॉर्मॅलिनमध्ये मुरतो. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात, त्या मेणाच्या ठोकळ्याचे तीन-चार मायक्रॉनचे, केसाहून कितीतरी पातळ, काप काढतात. ते जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात आणि मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतं. शंका आली तर आणखी काप, वेगळ्या चाचण्या, शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांचं मत. “उशीर झाला तर वाईटच, असं धरू नकोस,” ती म्हणाली. उशीर कशाचा असतो हे बायोप्सीच्या टेबलावर सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं.

आणि रिपोर्ट रुग्णाला सांगणार कोण, हेही तेव्हाच ठरायला हवं. हल्ली लॅबकडून रात्री दहाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ येऊन पडते. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. मधल्या वेळात एकेक इंग्रजी शब्द गूगलमध्ये टाकत बसलेली बाई घरोघरी सापडेल. म्हणून मी लॅबला सांगून ठेवलं, फोनवर काही पाठवू नका, मी डॉक्टरांसमोर बसूनच ऐकेन. काउंटरवरच्या मुलीला ते विचित्र वाटलं, पण तिने लिहून घेतलं.

माझा रिपोर्ट आला. काय आला ते इथे लिहीत नाही. ज्यांचा अजून यायचाय, ते त्यात स्वतःचा शकुन शोधतील. त्या आठवड्यात मीही भेटेल त्या बाईच्या निकालात तो शोधत होते.