कच्च्या बिलावर गेमिंग पीसी उभा करू नका

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी गेमिंग पीसी मागत असेल, किंवा परीक्षा संपल्यावर मागणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

कमी बजेटमध्ये पीसी असेंबल करणं सध्या खरंच अवघड झालंय. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप लागतात, कंपन्या आधी त्यांना माल देतात, आणि आपल्या वाट्याला येतं ते महाग. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पोराने वर्षभर पैसे साठवून पन्नास हजारांचा आकडा ठरवलेला असतो आणि एकट्या रॅममुळे सगळं कोटेशन कोलमडतं.

नेमक्या अशा वेळी काउंटरच्या पलीकडून आवाज येतो, “साहेब, बिल लागणारे का? नसेल तर तीन हजार कमी करतो.”

माझं म्हणणं एवढंच आहे की ते तीन हजार घेऊ नका. ती सवलत नाही. तुमची वॉरंटी तुमच्याकडूनच तीन हजारांना विकत घेतली जातेय.

आता हे मी उगाच म्हणत नाही, गणित बघा. पीसीच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा दुकानदाराने सगळा माल पक्क्या बिलाने, करासकट ५०,००० ला आणला आणि तुम्हाला ५२,००० ला विकला. खरेदीवर भरलेला कर त्याला वजा मिळतो. म्हणजे त्याने सरकारला द्यायचा कर फक्त वरच्या २,००० वरचा, तोही त्या दोन हजारांतच धरलेला. किती होतो? ३०५ रुपये. मग ३०५ रुपये वाचवायला माणूस ३,००० का सोडेल? उत्तर सोपं आहे. एक तर किंमत आधीच वाढवून सांगितलेली असते, किंवा एखादा पार्ट बदलायचा असतो, किंवा मालच मुळात बिलाशिवाय आलेला असतो. तिसऱ्या प्रकारच्या मालाची कंपनीने भारतात वॉरंटी घेतलेली असेलच याची काही खात्री नाही.

लॅपटॉप घेतला तर मागे एक कंपनी असते. बिघडला की तो उचलून सर्व्हिस सेंटरला नेता येतो. असेंबल्ड पीसीचं तसं नाही. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट सगळं वेगवेगळं. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, सर्व्हिस सेंटर वेगळं. या सगळ्यांना बांधणारा धागा एकच, तो म्हणजे बिल. तेच नसेल तर तुमच्याकडे पीसी नाही, सुट्या पार्टांचा ढीग आहे, जो आत्तापुरता चालतोय.

गेल्या पावसाळ्यातलं उदाहरण सांगतो. ओळखीतलं कुटुंब आहे, सिंहगड रोडला राहतं. वडील पतपेढीत क्लार्क, मुलगा बीसीएला. गेम खेळतो हे खरं, पण ब्लेंडरवर थ्रीडीची छोटी कामं घेऊन चार पैसेही कमावतो. रायझन ५ ५६००, आरएक्स ६६००, १६ जीबी रॅम असा पीसी त्यांनी ५२,००० ला घेतला. तीन हजार कमी करून, रोख, बिलाशिवाय. कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलेलं, त्यात ५५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस लिहिलेला होता. प्रत्यक्षात हातात लेटरपॅडचा एक कागद मिळाला, “कॉम्प्युटर सेट, १ नग”. बस.

पंधरा दिवसांनी पीसी खेळता खेळता बंद पडायला लागला. ब्राउझर चालतो, पिक्चर चालतो. गेम किंवा रेंडर लावला की दहा मिनिटांत खटकन बंद, कुणी प्लग ओढल्यासारखा. दुकानदाराचं उत्तर, “तुमच्या घरची लाइट खराब आहे.”

त्यांनी मला बोलावलं. काय काय तपासलं ते क्रमाने लिहितो, कारण हा क्रम कुणाच्याही कामाला येईल.

आधी तापमान. गेम चालू असताना प्रोसेसर ७५ अंशांच्या आत, कार्ड ७० च्या आत. म्हणजे गरम होऊन बंद पडत नव्हता. मग रॅम. एक काडी काढून दुसरीवर चालवला, नंतर उलट केलं, एक्सएमपी बंद केलं, रात्रभर मेमटेस्ट लावली. एकही एरर नाही. नंतर गेमला ३० फ्रेमची मर्यादा घातली, म्हणजे कार्डावरचा भार कमी. पीसी तासभर सुरळीत चालला. मर्यादा काढली की पुन्हा बंद. इथेच संशय एसएमपीएसवर आला. वायरमन बोलावून अर्थिंग मोजलं, व्यवस्थित होतं. तोच पीसी माझ्या घरी आणून लावला, तिथेही बंद. शेवटी माझ्या पीसीचा एसएमपीएस काढून त्याला जोडला आणि सलग दोन तास गेम चालवला. काही झालं नाही.

त्याचा मूळ एसएमपीएस काढून हातात घेतला तर वजनाला हलका, वर ५०० वॅटचं स्टिकर, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. स्वस्त कॅबिनेटबरोबर येतो तसला.

दुकानात गेलो. उत्तर मिळालं, “तो कॅबिनेटबरोबर फ्री आलाय, त्याला वॉरंटी नसते.” कोटेशन दाखवलं तर म्हणे नंतर तुम्हीच बदलायला सांगितलं. आता वाद कशावर घालणार? कागदावर “१ नग” आहे. त्या नगात काय काय होतं ते कुठे लिहिलंय? तक्रार करा म्हटलं तर वडील म्हणाले, चार हजारांसाठी कोण हेलपाटे घालणार. नवा एसएमपीएस ३,८०० ला घेतला. वाचवलेले तीन हजार गेले, वर आठशे गेले, आणि ग्राफिक कार्डच्या वॉरंटीचा प्रश्न आजही लटकलेला आहे. कार्ड उद्या बिघडलं आणि कंपनीने बिल मागितलं तर लेटरपॅडचा कागद दाखवायचा का?

खरं तर कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, फक्त आपल्याला माहीत नसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २(४७) वाचा. विकलेल्या वस्तूचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती मुदत, नसेल तर ३० दिवस. आपल्याकडे पाट्यांचं भारी कौतुक. पण “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाही, मग ती कितीही ठणकावून लिहिलेली असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण हे सगळं चालण्यासाठी हातात काहीतरी कागद लागतो.

आता दुसरी बाजू. सगळे दुकानदार असे नाहीत. तपकीर गल्लीत आणि आसपासच्या पेठांत वर्षानुवर्षं इमानाने धंदा करणारी माणसं आहेत, जी पार्टची माहिती फुकट देतात, पोरांच्या शंभर शंका ऐकून घेतात. त्यांचंही दुखणं खरं आहे. पोरं दोन तास बसून कोटेशन काढून घेतात आणि पाचशे रुपयांसाठी ऑनलाइन मागवतात. मार्जिन कमी, भाडं जास्त. मला विचाराल तर असेंब्लीचे आणि सल्ल्याचे हजार-पंधराशे वेगळे लावा, बिलात लिहा. ग्राहकाने ते कुरकुर न करता द्यावेत. त्या कामाला कौशल्य लागतं. पण तो खर्च बिल दाबून किंवा एसएमपीएस बदलून काढायचा नाही.

काहीजण म्हणतील, गेम खेळायच्या डबड्यासाठी एवढं कशाला? तर ऐका. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, कारण हवा तसा सुपरकॉम्प्युटर अमेरिका द्यायला तयार नव्हती. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला, तो बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर प्रोसेसर एकमेकांना जोडून. आपल्या बीसीएच्या पोराची तुलना परमशी करत नाहीये मी. पण मिळतील ते पार्ट आणून, जोडून, बिघडलं तर शोधून दुरुस्त करायचं, याला या शहरात प्रतिष्ठा असायला हवी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षापर्यंत कॅबिनेटचं झाकण न उघडलेली मुलं मी पाहिलीत. त्यांच्यापेक्षा हा पोरगा एका आठवड्यात जास्त शिकला.

तर बजेट कमी असेल तर कात्री कुठे लावायची? रंगीत लाइटच्या पंख्यांवर लावा. काचेच्या कॅबिनेटवर लावा. प्रोसेसर एक पायरी खाली घ्या. डीडीआर५ चा हट्ट सोडून डीडीआर४ च्या बोर्डवर काम भागवा. रॅम आत्ता कमी घ्या, स्लॉट रिकामा ठेवा, भाव उतरले की वाढवा. एसएमपीएसवर मात्र कात्री नको, कारण तो जाताना कधी कधी बाकीच्यांनाही घेऊन जातो. आणि जुन्या वाड्यात किंवा कॉट बेसिसच्या खोलीत राहत असाल, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्याचे दोन-चारशे रुपये पीसीच्या बजेटमध्येच धरा.

दुकानात जाताना एवढं करा:

१) प्रत्येक पार्ट वेगळ्या ओळीत, मॉडेल आणि सिरियल नंबरसकट लिहिलेलं जीएसटी बिल मागा. “कॉम्प्युटर सेट” चालणार नाही.

२) पैसे दुकानाच्या नावाच्या खात्यावर यूपीआयने किंवा कार्डने द्या. मालकाच्या मेव्हण्याच्या नंबरवर नको.

३) खोके तुमच्यासमोर उघडायला लावा. खोक्यावरचा आणि पार्टवरचा सिरियल नंबर जुळवा, फोटो काढा.

४) प्रोसेसर खोक्यातला आहे की ट्रेमधला ते विचारा. ट्रेमधल्याची वॉरंटी बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दावर असते, म्हणून ती बिलावर लिहून घ्या.

५) तिथेच अर्धा तास गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवून बघा. नुसता विंडोज चालू झाला म्हणून उठू नका.

६) जुनं ग्राफिक कार्ड घेणार असाल तर पहिल्या मालकाचं मूळ बिल सोबत घ्या.

७) सगळी खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. आई ओरडेल, ओरडू दे.

१८ टक्के कर जास्त आहे का? मला तरी जास्त वाटतो. शिकणाऱ्या पोराच्या पीसीवर एवढा कर नसावा, आणि ते खासदारांना विचारायलाच हवं. पण तो भांडणाचा वेगळा विषय आहे. बिल न घेतल्याने कर कमी होत नाही, फक्त आपली बाजू कमजोर होते.

पेठेतल्या चांगल्या दुकानदारांनाही विनंती आहे. दारात एक पाटी लावा, “इथे प्रत्येक पार्टचं पक्कं बिल सिरियल नंबरसकट मिळेल.” अशी पाटी दिसली की फोटो काढून कमेंटमध्ये टाका रे. पुढच्या वेळी कुणी पीसीसाठी विचारलं तर मी त्याच दुकानात पाठवेन.