जुनी जिप्सी उंच करावी काय ?

मारुति कंपनीची जिप्सी गाडी १९८५ सालीं निघाली व २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. तथापि कित्येक बागायतदार बंधूंकडे ती अद्याप चालू आहे, आणि पावसाळ्यांत इतर मोटारी जेथें सडकेवरच थबकतात तेथें ती चारी चाकांच्या बळावर मळ्यापर्यंत पोहोंचते. अलीकडे या गाडीचा सांगाडा उंच करून तिला मोठीं चाकें चढविण्याची हौस तरुण मंडळींत दिसूं लागली आहे. गाडी चिखलांत अडूं नये हा हेतु चांगला. परंतु हा उपाय त्या हेतूस कितपत उपयोगी पडतो, याचा हिशेब वाचकांनीं एकदां मांडून पाहावा.

हिशेब कठीण नाहीं. मागाहून निघालेल्या जिप्सी किंगच्या टायरवर २०५/७० आर १५ असा आंकडा असतो. म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, व आंतील लोखंडी चाक १५ इंचांचें. बाजूची उंची दोन वेळां धरून बेरीज केली तर चाकाचा व्यास ६६८ मिलिमीटर येतो. हौशी लोकांचा २३५/७५ आर १५ हा टायर घेतला तर तो सुमारें ७३३ येतो. फरक ६५ मिलिमीटरांचा. पण आंस चाकाच्या मध्यावर असल्यामुळें तो उचलला जातो निम्मा, म्हणजे अवघा सव्वा इंच. लांब कड्या घालून सांगाडा आणखी दोन इंच वर नेला, तरी आंस व त्यावरील डिफरन्शियलचा गोळा जागच्या जागींच राहतो, कारण ही वाढ आंस व सांगाडा यांच्यामध्यें होते. चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर घासतो तो तर हाच गोळा ! सांगाडा उचलण्याचें मुख्य काम एवढेंच कीं, मोठें चाक मडगार्डास न घासतां फिरावें.

या सव्वा इंचाची किंमत मात्र मोठी आहे. चाक मोठें झाल्यानें जमिनीवर पोहोंचणारी ओढ सुमारें ९ टक्क्यांनीं घटते. वेगदर्शक ६० दाखवीत असतां गाडी ६६ च्या वेगानें धांवते. ब्रेकना जड चाक थांबवावें लागतें, शाफ्टचे सांधे वांकड्या कोनांत फिरून झिजतात, आणि पुढील आंसाचा कल बदलल्यामुळें सुकाणूं हातांत स्थिर राहत नाहीं. सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, अवघ्या दीड मीटर रुंदीच्या या गाडीचा भार वर सरकतो. टपावर कांद्याच्या गोणी व आंत बायकामुलें घेऊन घाटाच्या वळणावर तिचें काय होईल, याचा विचार घरच्या कर्त्या माणसानें करावयाचा आहे.

आमचें आयुष्य दप्तरांतील नोंद व जाग्यावरील वस्तुस्थिति ताडून पाहण्यांत गेलें. सात-बाऱ्यावर ऊस व रानांत ज्वारी असली म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगणें नको. मोटारीचेंही तेंच आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ अन्वयें उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाहून नोंदणीपत्रांतील तपशील भिन्न ठरेल असा बदल करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजावलें. कलम १८२-अ प्रमाणें मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. अपघातानंतर विमा कंपनीच्या हातीं आयतें निमित्त सांपडतें तें निराळेंच. गॅरेजवाला त्या वेळीं साक्षीस येत नाहीं.

मग चिखलाचें काय ? प्रथम गाडीचे पाटे पाहावे. वर्षानुवर्षें ओझें वाहून ते बसलेले असतात. मूळ मापाचे नवे पाटे घातले तर गेलेली उंची कायदा न मोडतां परत मिळते. टायर मूळ मापाचाच, पण खोल खांचांचा घ्यावा, व चारी चाकांस एकसारखा घ्यावा. चिखलापूर्वीं हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर जमिनीवर पसरतो. डांबरी सडकेवर येतांच ती पुन्हां भरावी. यासाठीं एक पंप व हवा मोजण्याचें यंत्र गाडींत असूं द्यावें. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांस ही युक्ति नवी नाहीं. आणि चारी चाकें गुंतवून गाडी लो गिअरमध्यें घालावयाची ती चिखलांत शिरण्यापूर्वीं, रुतल्यावर नव्हे.