पेशीचा उंबरठा

कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें कीं त्यांस पाणी सुटतें, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. परंतु पाणी तेवढें बाहेर यावें आणि गर जागच्या जागीं राहावा, असें कां होतें? कैरी काय किंवा मनुष्यदेह काय, प्रत्येक सजीव पिंड सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो आणि प्रत्येक पेशीभोंवतीं एक पातळ पटल असतें. कोणास आंत घ्यावें व कोणास बाहेर ठेवावें, याचा निवाडा तें पटल करतें. पाण्यास तें वाट देतें, मिठास सहजीं देत नाहीं. म्हणून बाहेर मीठ अधिक झालें कीं आंतील पाणी तिकडे ओढलें जातें.

हें पटल आहे तरी कशाचें? १९२५ सालीं गॉर्टर व ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचा स्निग्धांश काढून तो पाण्यावर एकेरी थरांत पसरला, तेव्हां त्याचें क्षेत्रफळ त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारें दुप्पट भरलें. यावरून पटल दुहेरी थराचें असलें पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला व तो पुढें मान्य झाला. या स्निग्ध कणांचें एक टोंक पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें पाणी टाळतें. म्हणून पहिलीं टोंकें दोन्हीं बाजूंस बाहेर व दुसरीं मध्यें, अशी त्यांची आपोआप मांडणी होते. हा दुहेरी थर मिलिमीटरच्या सुमारें दोन लक्षांव्या भागाएवढाच जाड असतो. १९७२ सालीं सिंगर व निकोल्सन यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, हा थर भिंतीसारखा ताठ नसून तेलासारखा प्रवाही आहे व त्यांत प्रथिनें रुतून तरंगत असतात. प्राणवायु या थरांतून सहज पार होतो. मीठ-साखरेस मात्र प्रथिनांच्या दारांतूनच जावें लागतें. कांहीं प्रथिनें तर अखंड राबत असतात. एका खेपेस सोडियमचे तीन कण बाहेर टाकतात व पोटॅशियमचे दोन आंत घेतात.

परंतु उंबरठ्याचें काम येण्याजाण्यापुरतेंच नसतें. घर कोणाचें, हेंही तेथेंच कळतें. तांबड्या पेशीच्या पटलावर बाहेरच्या अंगास शर्करांच्या लहान साखळ्या असतात. कार्ल लांडस्टायनर यांनीं १९०१ सालीं जे रक्तगट उजेडांत आणले, ते या साखळ्यांवरूनच ठरतात. आधीं कपाळास गंध लावावें व त्या ओल्या गंधावर अक्षत चिकटवावी, तसा हा प्रकार आहे. एच् नांवाची खूण म्हणजे गंध. ए गटांत तीवर एक शर्करा चिकटते, बी गटांत दुसरी. एबी गटांत दोन्ही प्रकार आढळतात, आणि ओ गटांत नुसतें गंध राहतें.

आणि गंधच नसेल तर? हा प्रश्न कल्पनेंतला नव्हे. १९५२ सालीं मुंबईंत डॉ. वाय. एम्. भेंडे व त्यांचे सहकारी यांस अशीं माणसें आढळलीं कीं, ज्यांच्या पेशींवर ए व बी तर नाहींतच, पण एच्‌ही नाहीं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हा शोध प्रसिद्ध झाला आणि तेव्हांपासून हा गट जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. भारतांत सुमारें १०,००० माणसांत एक असें याचें प्रमाण सांगतात. हीं माणसें एरव्हीं निरोगी असतात. संकट उभें राहतें तें त्यांस रक्त देण्याची वेळ आली म्हणजे. वरवरच्या तपासणींत त्यांचें रक्त ओ भासतें. पण त्यांच्या रक्तद्रवांत एच् ही खूण हेरून तीवर तुटून पडणारीं प्रतिद्रव्यें असतात. त्यांस ओ रक्त दिलें तर त्या परक्या पेशी फुटतात व जिवावर बेततें. त्यांस केवळ त्यांच्याच गटाचें रक्त चालतें.

आई व बाप या दोघांकडूनही तोच उणा अंश आला, तरच हा गट संभवतो; म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची रीत आमच्या मराठवाड्यांतील अनेक देशस्थ घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तेव्हां हा विषय मुंबईचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. रूढीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. सावधपण असावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. गट ओ ठरला असेल, तर पेशी व रक्तद्रव या दोहोंचीही तपासणी झाली आहे ना, हें रक्तपेढींत विचारून घ्यावें. घरांत एकाचा गट बॉम्बे निघाल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी. प्रत्येकाचा तोच गट असण्याचा संभव बहुधा चारांत एक असतो, आणि असें भावंड म्हणजे घरांतच मिळालेला रक्तदाता. शस्त्रक्रिया आधीं ठरलेली असेल, तर स्वतःचेंच रक्त काढून ठेवण्याविषयीं वैद्यांस विचारावें. ताडकळसाहून परभणी किंवा नांदेड गांठल्यावर अशा दुर्मिळ रक्ताचा शोध आरंभणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. मुलांच्या जन्मपत्रिका आपण ज्या काळजीनें जपून ठेवतों, त्याच काळजीनें घरांतील प्रत्येकाच्या रक्तगटाचें टिपण त्यांच्याच शेजारीं ठेवावें.