दारू म्हणजे दारूच?

आधीच सांगतो, लेख पिण्याच्या दारूवर नाही. शीर्षक बघून आलेल्यांनी खुशाल माघारी फिरावं. विषय बंदुकीच्या दारूचा आहे, आणि त्याहून जास्त "अरे, सेमच तर आहे" या आपल्या लाडक्या वाक्याचा.

रत्नागिरीकडे माकडांनी आणि रानडुकरांनी बागायतदारांना नको करून सोडलंय, हे तिकडे गाव असलेल्या कुणाला सांगायला नको. म्हणून तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदुका असतात. त्यातल्या काही ठासणीच्या: नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, गजाने ठासायची, बार उडवायचा. (निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२४ ला तिथे लोकसभेचं मतदान ७ मे रोजी, म्हणजे ऐन आंब्यात होतं. माकडांना आचारसंहिता नसते. असो.)

तर ऑफिसातला एक मित्र, मूळचा तिकडचाच, चहा पिता पिता म्हणाला, "काळ्या दारूसाठी कशाला वणवण? काडतूस फोडून त्यातली घातली तर काय बिघडतं? दारू म्हणजे दारूच!"

बिघडतं. नळी फाटते. बोटं जातात, डोळे जातात.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळीच्या रूपात घनच राहतो. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज, काहींत जोडीला नायट्रोग्लिसरीन. ती जवळजवळ सगळी वायू होते. वर तिची खोड अशी की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. आपल्या भाषेत पॉझिटिव्ह फीडबॅक. फक्त इथे सर्व्हर नाही, आजोबांचा गाल बंदुकीला टेकलेला असतो.

हा धडा ब्रिटिश फौजेलाही मिळाला होता. १८८८ ची ली-मेटफर्ड रायफल काळ्या दारूसाठी बनली. पुढे त्याच मापाच्या काडतुसात कॉर्डाइट भरलं, तेही तज्ज्ञांनी मोजूनमापून. पण कॉर्डाइटच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा भराभर झिजायला लागल्या. शेवटी १८९५ मध्ये खाचाच बदलल्या आणि ली-एनफील्ड आली.

यावर मित्राचा पुढचा डाव: "बरं, काळी-पांढरी राहू दे. पण बिनधुराच्या आपसात तरी चालतात ना? नेटवर जळण्याच्या वेगाचे तक्ते आहेत." आहेत की! पण तो तक्ता म्हणजे शर्यतीचा निकाल. पहिला कोण, दुसरा कोण एवढंच कळतं. दोघांत किती सेकंदांचं अंतर, ते नाही. शिवाय बंदूक आणि गोळी बदलली की निकालही बदलू शकतो.

अमेरिकेत घरी काडतुसं भरायचा छंद आहे. तिथे एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ अशा दोन दारू मिळतात. आकडा एकच, दोन्ही शेवयांच्या बारीक तुकड्यांसारख्या, आणि २००३ पासून विकणारी कंपनीही एकच. तरी आयएमआरवाली जास्त वेगाने जळते. एचचं कमाल माप तिला लावलं तर दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. उलट एच ११० आणि विंचेस्टर २९६ ही नावं वेगळी, दारू मात्र एकच! म्हणजे नावावरून नाही, दिसण्यावरून नाही, तक्त्यावरूनही नाही. दाण्याचा आकार, त्यातलं भोक, वरचा लेप, सगळं जळण्याचा वेग ठरवतं. आपण एका लायब्ररीच्या जागी दुसरी टाकताना निदान टेस्ट तरी चालवतो. इथे टेस्ट म्हणजे चाप ओढणं.

भारतात काडतुसं बनवायला शस्त्र कायदा, १९५९ नुसार वेगळा परवाना लागतो. त्यामुळे हा छंद आपल्याकडे नाही, आणि मला त्याचं दुःखही नाही. मला राग आहे तो "आजोबा चाळीस वर्षं अंदाजानेच ओततात" या युक्तिवादाचा. ओततात, कारण काळी दारू थोडाफार अंदाज खपवून घेते. तोच सैल हात काडतुसातल्या दारूवर चालवायचा सल्ला एसीत बसून देणारे आपण शहाणे कोण?

ठासणीच्या परवान्यासोबत मराठीत एक कागद द्यायला काय हरकत आहे? मोठ्या अक्षरात एकच ओळ: काडतुसातली दारू या नळीत घालू नये. छापायचा खर्च मी देतो.