मेंदूच्या देठात कोण कोण राहतं?

दोस्तांनो, नाक दाबा, तोंड मिटा आणि मनातल्या मनात आकडे मोजा बघू. वीस... तीस... संपलं! कितीही हट्ट करा, आतून कुणीतरी दटावतंच, 'पुरे, आता घे श्वास!' हा 'कुणीतरी' राहतो मेंदूच्या देठात.

मेंदूचं चित्र काढा म्हटलं, की आमच्या वर्गातली मुलं झकास अक्रोड काढतात. देठ मात्र कुणीच काढत नाही! बोटभर लांबीचा हा देठ म्हणजे मस्तिष्कस्तंभ. श्वास, गिळणं, झोप-जाग, हृदयाचा वेग, सगळ्यांवर त्याची नजर.

पण त्यातली कुठली चेतापेशी काय करते, हे कसं ओळखायचं? नुसत्या रूपावरून भागत नाही. दिसायला सारख्या, पण कामं निराळी, असं पुष्कळदा होतं. मग शास्त्रज्ञांनी नामी युक्ती काढली. दुपारी गल्लीतून जाताना कुणाकडे काय शिजतंय हे वासावरून कळतं ना? तसंच हे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचं पुस्तक तेच असतं, पण प्रत्येक पेशी त्यातली निवडकच पानं वापरते. वापरलेल्या पानाची चिठ्ठी, म्हणजे आरएनए, पेशीत सापडते. लाखो पेशींमधल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि सारख्या चिठ्ठ्यांच्या पेशींचा एक गट करायचा. केवढं चिकाटीचं काम!

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल इथल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने आणि इतर संस्थांनी 2023 साली उंदराच्या अख्ख्या मेंदूचा असा नकाशा प्रसिद्ध केला. पेशींचे गट निघाले 5,300 हून जास्त! त्याच वर्षी माणसाच्या मेंदूचा पहिला आराखडाही आला. त्यात 3,000 हून जास्त गट. आणि खरी गंमत पुढेच आहे. सर्वांत जास्त विविधता त्या ऐटबाज अक्रोडात नव्हती. ती होती खालच्या जुन्या भागांत, देठातसुद्धा.

श्वासाचंच बघा. देठात श्वासाचा ताल धरणारा एक चिमुकला पुंजका 1991 साली जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. त्याचं नाव प्री-बोट्सिंगर. (शेजारच्या भागाचं 'बोट्सिंगर' हे नाव जेवणाच्या टेबलावरच्या जर्मन वाइनच्या बाटलीवरून ठेवलेलं, बरं का!) या एवढ्याशा पुंजक्यातही कामांची वाटणी आहे. 2016 साली उंदरांमध्ये दिसलं, की सुमारे दोनशे पेशी फक्त उसाशाचं काम बघतात. उसासा म्हणजे नुसतं दुःख नव्हे. फुप्फुसांतले मिटलेले बारीक फुगे त्याने उघडतात. त्या पेशी बंद केल्या तर श्वास चालू, उसासे गायब! पुढच्याच वर्षी आणखी पावणेदोनशेच्या आसपास पेशी काढून टाकून पाहिल्या, तर उंदीर इतके शांत झाले, की निवांत बसून अंग साफ करू लागले.

या नकाशाची वाट डॉक्टरही बघताहेत. मॉर्फिनसारखं औषध भयंकर वेदना थांबवतं, पण जास्त झालं तर श्वासही थांबवतं. कारण मॉर्फिनची किल्ली ज्या कुलपाला लागते, ते कुलूप वेदनेच्या वाटेवरच्या पेशींवर असतं आणि श्वासाच्या काही पेशींवरही. ते नेमकं कुठल्या कुठल्या पेशींवर आहे, हे आता एकेक गट घेऊन तपासलं जातंय.