नकार देण्याचा हक्क



गाणे ही मालमत्ता आहे, हे विधान आपणांपैकी पुष्कळांना विचित्र वाटेल. शेत, घर, विहीर यांची मालकी आपण जाणतो. त्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठेही आपण झिजविले आहेत. परंतु एखाद्या मनुष्याने आपल्या दारिद्र्यातून चार कडवी रचली, तर तीही त्याची मिळकत होय, ही गोष्ट आपल्या मनात अद्याप पुरती रुजलेली नाही. म्हणून ट्रेसी चॅपमन या अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिकेची हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहे.

ही बाई ३० मार्च १९६४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरी जन्मली. आईने तिला एकटीने वाढविले. हातात पैसा नसतानाही त्या माउलीने तीन वर्षांच्या मुलीला युकुलेले हे लहानसे तंतुवाद्य घेऊन दिले. आठव्या वर्षी मुलगी गिटार वाजवू लागली आणि गाणीही रचू लागली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून ती कनेक्टिकट राज्यातील एका चांगल्या शाळेत गेली व १९८७ साली टफ्ट्स विद्यापीठातून मानववंशशास्त्राची पदवीधर झाली. शिकत असताना ती हार्वर्ड चौकात रस्त्यावर उभी राहून गात असे. लोकगीताचा साधेपणा आणि रॉक संगीताचा वाद्यमेळ यांच्या संगमाला तिकडे फोक-रॉक म्हणतात. तीच तिची वाट. तिचा पहिला संग्रह एप्रिल १९८८ मध्ये निघाला.

त्याच वर्षी ११ जून रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात, तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त प्रचंड जलसा झाला. चॅपमन आपली गाणी म्हणून मोकळी झाली होती. इतक्यात स्टीव्ही वंडर या थोर गायकाच्या वाद्ययंत्राची तबकडी सापडेना आणि तो रंगमंचावरून परतला. रिकामी वेळ भरून काढण्यासाठी या अल्पपरिचित तरुणीला पुन्हा पुढे करण्यात आले. एक गिटार, एक आवाज, आणि समोर ते अफाट मैदान! तिने ‘फास्ट कार’ हे गीत म्हटले. मद्यपी बाप, दुकानातील तुटपुंज्या पगाराची नोकरी आणि या सर्वांतून दूर निघून जाण्याची एका स्त्रीची ओढ, एवढाच त्याचा विषय. अनेक देशांतील लोक दूरचित्रवाणीवर ते पाहत होते. काही आठवड्यांतच तिचा संग्रह ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अग्रस्थानी गेला आणि १९८९ साली तिला तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यास चाळीस वर्षे होत असल्यामुळे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९८८ मध्ये जो जगभर दौरा काढला, त्यात ती होती. ३० सप्टेंबर रोजी तो दौरा नवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू मैदानातही आला होता.

१९८८ ते २००८ या वीस वर्षांत तिने आठ संग्रह काढले आणि मग ती प्रसिद्धीच्या झोतापासून बाजूला झाली. बाजूला झाली म्हणजे तिने आपला हक्क सोडला, असे मात्र नव्हे.

निकी मिनाज या प्रख्यात रॅप गायिकेने तिच्या ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ या गीताचे शब्द व चाल आपल्या नव्या गाण्यात घेण्याची परवानगी मागितली. चॅपमनने ती वारंवार नाकारली. गाणे संग्रहातून वगळले गेले खरे, परंतु २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते न्यूयॉर्कच्या रेडिओवरून वाजलेच. ऑक्टोबरमध्ये चॅपमनने कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा लावला. २०२० साली न्यायालयाने ठरविले की, परवानगी मागण्यापूर्वी खाजगीत प्रयोग करून पाहणे हा गुन्हा नव्हे. हा निर्णय मला रास्त वाटतो. कच्चे काम दाखविल्याशिवाय संमती मागावी तरी कशी? गाणे बाहेर कसे गेले, हा प्रश्न मात्र ज्यूरीपुढे जावयाचा होता. तत्पूर्वीच, जानेवारी २०२१ मध्ये, प्रतिवादीने साडेचार लाख डॉलर देऊ करून आपल्याविरुद्ध निकाल मान्य केला.

चॅपमनला कोणी कृपण म्हणाले, कोणी हेकट. मिनाजही कृष्णवर्णीयच; मग आपल्याच बहिणीला अडवावे का, असाही प्रश्न निघतो. मला तो पटत नाही. आपल्या माणसाने मागितले म्हणून नाकारता येत नसेल, तर ती मालकी कसली?

आता दुसरी बाजू पाहा. २०२३ साली ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या कंट्री गायकाने ‘फास्ट कार’ जसेच्या तसे गाऊन ध्वनिमुद्रित केले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे, एकदा प्रसृत झालेले गीत मूळ स्वरूप न बदलता पुन्हा गाण्यास रचनाकाराची संमती लागत नाही. ठरलेले मानधन मात्र द्यावेच लागते. त्यामुळे कंट्री संगीताच्या रेडिओवर ते गीत अग्रस्थानी पोहोचले तेव्हा एकमेव रचनाकार म्हणून चॅपमनचेच नाव लागले. असा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचे वर्षातील उत्कृष्ट गीताचे पारितोषिकही तिला मिळाले. तेही कृष्णवर्णीय रचनाकारास प्रथमच. तेच गीत गोऱ्या कंठातून आले तेव्हाच त्या दालनाचे दार उघडले, हे शल्य उरतेच, आणि कोणताही कायदा ते काढू शकत नाही. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी समारंभात दोघे ते गीत एकत्र गायले. तिने गिटार छेडली आणि शेजारी उभा कोम्ब्स तिच्या कडव्यांवर आदराने ओठ हलवीत होता.

आपल्या वस्त्यांतून कितीतरी गीते गायिली जातात आणि रचणाऱ्याचे नाव विचारले तर कोणास सांगता येत नाही. आपल्या घरी कोणी गीतकार असेल तर त्याला एवढे सांगा की, १९५७ च्या आपल्या कायद्यान्वये हक्क रचनेबरोबरच जन्मतो, नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी व सहीनिशीच द्यावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणाच्या मानधनातील रचनाकाराचा समान वाटा करारानेही सोडून देता येत नाही. आणि कंपनीच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते.